बाईंचा ण

जागृती तीन-साडेतीन वर्षांची असताना एकदा खेळून धापा टाकत घरात आली आणि म्हणाली, "आजी, पानी दे."

आशालताबाईंनी माठातून पेला भरला, पण तिच्या हातात दिला नाही. पेल्याचं बूड पदराने पुसत त्यांनी विचारलं, "काय हवं?"

"पानी."

"ते आपल्या घरात मिळत नाही. पाणी मिळतं."

पोरीला तहान लागलेली. ती रडकुंडीला आली. आजीने जीभ टाळूला लावून ण कसा निघतो ते दाखवलं, पर्समधला छोटा आरसा काढून तिच्या तोंडापुढे धरला, आणि चार-पाच वेळा चुकत चुकत शेवटी तिच्या तोंडून "पाणी" बाहेर पडलं. मग पेला मिळाला, वर गुळाचा खडा मिळाला, आणि आजीने कुशीत घेऊन तिच्या घामेजल्या डोक्यावरून बराच वेळ हात फिरवला.

संध्याकाळी मुलगा कामावरून आल्याबरोबर आशालताबाई म्हणाल्या, "मितेश, हे कुठून शिरलं रे घरात?"

मितेश हसायला लागला. जागृती दिवसभर समोरच्या मिश्रांच्या पोरांबरोबर खेळायची. ते हिंदी पानी होतं. तेव्हा कुठे आशालताबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या घाबरल्या होत्या त्या दुसऱ्याच पानीला.

ही गोष्ट घरात पुढे कितीतरी वर्षं सांगितली गेली आणि दर वेळी सगळे हसले. आशालताबाईही हसायच्या.

ते दुसरं पानी होतं राजावलीचं. खाडीकाठच्या त्या गावात आशालताबाई धोंडू म्हणून जन्मल्या. वडील मिठागरात कामाला, आई डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहायची. दोघांची भाताची थोडी खाजणजमीन होती, तिच्यात भरतीचं पाणी शिरलं की वर्ष बुडालं. धोंडू शाळेत गेली ती चुलत बहीण चांगुणाच्या जोडीने. बाहेरगावचे एक मास्तर होते. पहिल्या आठवड्यातच तहान लागली म्हणून ती उभी राहिली आणि "मास्तर, पानी पिवाला जाऊ?" म्हणाली. मास्तरांनी तिच्या तळहातावर पट्टी मारली. सगळा वर्ग हसला. चांगुणाने महिन्याभरात शाळा सोडली. धोंडू हट्टाने टिकली. गावातून मॅट्रिक झालेली पहिली मुलगी ती. पुढे डी.एड. केलं, आचोळ्याच्या श्रीपतशी लग्न झालं, आणि लग्नात तांदळांवर नवं नाव लिहिलं गेलं, आशालता. ते तिला इतकं आवडलं की माहेरीसुद्धा कोणी धोंडू म्हटलेलं तिला चालेना.

आचोळे तेव्हा गावच होतं. सासू, जावा, दीर सगळे घरचीच बोली बोलणारे. मितेश बोलायला लागला तसं आशालताबाईंनी श्रीपतच्या मागे टुमणं लावलं. गावात राहिलो तर पोराची जीभ बिघडेल, आपण विरारला जाऊ. श्रीपत टेलिफोन खात्यात होता, स्वभावाने मऊ. मनवेलपाड्याला तिसऱ्या मजल्यावर जागा घेतली. तिथे शेजारी कोकणातले, घाटावरचे, उत्तरेकडचे. आचोळ्याचं कोणी नाही. मितेश तिथेच वाढला. घरात आईला आई म्हणायचं, बापाला बाबा. श्रीपत गावाकडचा कोणी भेटला की जिन्याखाली उभा राहून त्याच्याशी घरच्या बोलीत पोटभर बोलून यायचा आणि वर आला की पुन्हा "जेवायला वाढतेस का?" असं स्वच्छ विचारायचा.

नालासोपाऱ्याच्या एका मराठी शाळेत बाईंनी तीस-बत्तीस वर्षं पहिलीचे वर्ग घेतले. खाडीकाठची, मिठागरांची, वाड्यांमधली पोरं त्यांच्या हाताखालून गेली. पट्टी त्यांनी कधी हातात धरली नाही. तो आरसा मात्र रोज पर्समध्ये असायचा. "बघ, जीभ कुठे जातेय बघ," म्हणत त्या एकेका पोराच्या पुढ्यात बसायच्या. दुधाचे दात पडलेल्यांना त्या दिवसांत सूट मिळायची. डबा न आणणाऱ्यांसाठी त्यांच्या डब्यात तांदळाच्या दोन भाकऱ्या जास्तीच्या असत.

आणि घर? पहाटे उठून भाकऱ्या, दुपारी शाळेतून आल्यावर वाल सोलायला बसणं, रविवारी बाजारातून निवडून आणलेल्या चिंबोऱ्या. गावाची बोली त्यांनी तोंडातून घालवली, पण ताट त्यांचं राजावलीचंच राहिलं. सून आणली ती परळची, रचना, नोकरी करणारी. तिचं मराठी ऐकूनच त्यांनी होकार दिला असं मितेश चेष्टेने म्हणायचा. रचना आणि मितेश दोघेही दिवसभर बाहेर, त्यामुळे जागृती वाढली ती आजीच्या मांडीवर. तिची पहिली अक्षरं, वेण्या, तापातली मऊ पेज, दहावीचा अभ्यास सगळं आजीने केलं. मुंबईच्या कॉलेजात मैत्रिणी तिला विचारायच्या, "तू पुण्याची का गं?" ती घरी येऊन हे सांगायची, आणि आजीचा चेहरा उजळायचा.

गणपती जाऊन आठवडा झाला होता. जागृती वसईला चष्म्यांच्या दुकानात कामाला होती, आणि त्या दिवशी तिची सुट्टी होती. आजी हॉलमध्ये बसून बिरड्याचे वाल सोलत होती. आतून जागृतीने काहीतरी विचारलं, उत्तर आलं नाही. बाहेर येऊन पाहते तर आजीच्या चिमटीत वाल तसाच, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि डोळे जागृतीकडे लागलेले.

इस्पितळातून घरी आणलं तेव्हा उजवं अंग गेलेलं होतं आणि वाचाही. भाड्याने कॉट आणून हॉलमध्ये लावली. नुसता घशातून आवाज यायचा. मग एका सकाळी, रचना तोंड पुसत असताना, ओठ हलले आणि जड, बोबड्या आवाजात शब्द आले.

"मना... पानी."

रचना ओरडलीच. "मितेश, आई बोलल्या! पाणी मागतायत!" मितेश दाढीच्या साबणासकट धावत आला. तिघं कॉटभोवती उभी राहून हसली, रडली. त्या आनंदात पानीतला न कोणाला ऐकू आला नाही.

दिवाळीपर्यंत शब्द वाढत गेले, पण सगळे राजावलीच्याच बोलीतले. अर्धे बोबडे झाल्यामुळे कळायचे नाहीत, उरलेले बोलीमुळे. ती बोली बोलू शकणारा श्रीपत जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि रचनाला ती मुळीच येत नव्हती. मितेशच्या कानावर लहानपणी पडली तेवढीच. डॉक्टर म्हणाले, "असं होतं कधी कधी. मागाहून शिकलेलं पुसलं जातं, आधीचं राहतं. तुम्ही बोलत राहा त्यांच्याशी."

ते बोलत राहिले. तिथेच विचित्र गोष्ट घडायला लागली. जागृती कॉटजवळ बसून म्हणायची, "आजी, कसं वाटतंय आता? थोडं खाऊन घेतेस का?" आणि आजी अंग चोरून घ्यायची. चालणारा डावा हात हळूच चादरीखाली न्यायची. जागृतीला वाटलं, थंडी वाजत असेल. तिने पांघरूण वाढवलं. दुसऱ्या दिवशी तेच. एकदा जागृतीने प्रेमाने तो हात चादरीखालून बाहेर काढला, तर आजीने मूठ घट्ट आवळली आणि मान फिरवून डोळे मिटले. पट्टी मारायला तळहात कोणी मागू नये, अशी.

त्या मास्तरांची गोष्ट जागृतीने आजीच्याच तोंडून शंभरदा ऐकली होती. मूठ सोडून ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. आपल्या स्वच्छ मराठीने आजीच्या कानांना आपण कोण झालो आहोत, ते तिला कळलं होतं. आईला किंवा बाबांना ती हे बोलली नाही. बोलून काय करायचं होतं?

संध्याकाळ आजीला जड जायची. दिवे लागले की ती दाराकडे बघायला लागे आणि एकच विचारत राही, "बाई आली का?"

हे मात्र सगळ्यांना कळायचं. घरकामाला विनया यायची, तिच्या वेळेचा नेम नसे, आणि धडधाकट असतानाही आशालताबाईंचा हा रोजचा प्रश्न होताच. रचनाला तर बरंच वाटलं. म्हणजे घरातलं काहीतरी त्यांच्या डोक्यात जागं आहे. ती उत्तर द्यायची, "हो आई, येऊन गेली. भांडी झाली, लादी झाली. तुम्ही निवांत पडा."

आजीचे डोळे भरून यायचे. पाणी गालावरून उशीवर उतरायचं. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, या आजारात उगाचच रडू येतं.

दुकानात जागृतीच्या शेजारी रिटा बसायची, गिरीज गावची. केळीची वाडी असलेल्या घरातली. तिला घरून फोन आला की ती आपल्या आजीशी तिच्या घरच्या बोलीत बोलायची, ग्राहक समोर असला तरी. जागृतीला त्यातलं निम्मं कळायचं नाही. एक दिवस रिटाने फोन ठेवला आणि जागृतीच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "काय झालं गं?"

जागृतीने सांगितलं. सगळं, चादरीखालच्या हातासकट.

"अगं, मग कोणीतरी आण ना बोलणारं," रिटा म्हणाली. "गावचं. तिच्या वयाचं. तू एकटी किती पुरशील?"

इतकी साधी गोष्ट आपल्याला महिनोन्महिने सुचली नाही याची जागृतीला लाज वाटली. तिने बाबांना चांगुणाचं विचारलं. चांगुणा जिवंत होती, राजावलीतच होती. पण आशालताबाई माहेरी जायच्या त्या लग्नकार्यापुरत्या, आणि गेल्या दहा वर्षांत तेही सुटलं होतं. मितेश रविवारी स्वतः जाऊन तिला गाडीतून घेऊन आला.

चांगुणाआजी ठेंगणी, काटक. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आली होती, केसांत अबोलीचा गजरा. खुर्चीवर अगदी कडेला टेकली आणि हात मांडीवर जुळवून, मोठ्या कष्टाने एकेक शब्द उचलून म्हणाली, "ताई, तुमची तब्येत कशी आहे? बरं वाटतंय ना?"

आजीचा डावा हात चादरीखाली गेला.

जागृती तिच्या पायाशी बसली. "चांगुणाआजी, तुम्ही घरी बोलता तसं बोला ना. गावातलं."

"नको गो बाय," चांगुणा दबकून म्हणाली. "ती रागावल. लगनात सुदा माजं बोलनं सुदारायची, चार मानसांत. तिच्यासमोर मी तसं बोलत नाय."

"आता नाही रागावणार."

"तुमी आत जा सगली," चांगुणा म्हणाली. "तुमच्यासमोर मना लाज वाटते."

तिघं स्वयंपाकघरात गेली. रचनाने गॅस बंद केला, भांड्यांचा आवाज नको म्हणून. बाहेर खुर्ची कॉटकडे सरकली. मग चांगुणाचा आवाज आला, पण मघाचा नव्हे. सैल, लांबवलेला, पोरीसारखा. "धोंडू... धोंडू गो. मी चांगुना. वलाखलंस?"

आणि मग आजीचा आवाज. एकामागून एक शब्द, अडखळत पण न थांबता, आणि मधेच एक हसू. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. मितेशने भिंतीला डोकं टेकलं.

तासाभराने चांगुणा आत आली. डोळे पुसत होती, पण तोंडावर तरतरी होती. "चांगलं बोलते की," ती म्हणाली. "बोरी, आमचं तलं, बाबूस जत्रंला न्यायचा ते, सगलं आठवते. फकस्त मदीमदी एकच धरून बसते. बय आयली का, बय आयली का. मी बोलले, आगरान गेलीय, येल."

"कोण आली का?" रचनाने विचारलं.

"बय. तिची आय. आमी आयला बय बोलतो ना." चांगुणा सहज सांगून गेली. "शालंतून आलं की धोंडू उंबऱ्यावर बसून वाट बगायची. बय आगरातून सांजचे यायची, पायाला मीठ लागलेलं. ती आल्याबिगर धोंडू जेवायची नाय."

रचना हळूच खाली लादीवर बसली. संध्याकाळमागून संध्याकाळ एक पोर आपली आई आली का विचारत होती, आणि ते तिला सांगत होते, येऊन गेली. भांडी घासून गेली.

मितेश चांगुणाला राजावलीला सोडून परत आला तो गाडीतच बसून राहिला. जागृती त्याला बोलवायला खाली गेली. काच खाली करून तो म्हणाला, "बय. मला माहीत होता गं तो शब्द. आचोळ्याच्या आजीला बाबा बयच म्हणायचे. मी रोज ऐकत होतो, आणि माझ्या कानात बाईच शिरत होती."

"तोंड वाकडं झालंय, बाबा. स्वच्छ नव्हतंच ऐकू येत."

"रचनाला नाही कळणार. मला कळायला हवं होतं." त्याने काच वर केली.

त्यानंतर जागृती हट्टाला पेटली. चांगुणाला फोन करून तिने चार-दोन वाक्यं विचारून घेतली. दुकानात रिकाम्या वेळी ती पुटपुटायची, रिटा हसायची. एका संध्याकाळी, आजीने दाराकडे बघत विचारल्यावर तिने तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "येते गो बय. आगरान गेलीय. येते हां."

आजीने वळून पाहिलं. हात चादरीखाली गेला नाही. ती बराच वेळ जागृतीचा चेहरा निरखत राहिली आणि मग तिने विचारलं, "कोन तू?"

"मी जागृती. तुझी नात."

आजीला त्यातलं काही लागलं नाही. तिच्या त्या जगात जागृती अजून जन्मायची होती. मितेशही जन्मायचा होता. तिने पुन्हा दाराकडे तोंड केलं, पण आता चेहऱ्यावर आशा होती. बय येते म्हणून कोणीतरी सांगितलं होतं. रचनाने भात कालवून आणला, तर तिने ओठ घट्ट मिटले. "बय येल मंग," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच. येते म्हटलं की जेवण बंद, डोळे दारावर, झोप नाही. घंटी वाजली की मान उचलायची धडपड, आणि दारात दूधवाला किंवा मिश्रांची सून.

चौथ्या दिवशी रचना रडकुंडीला येऊन म्हणाली, "जागृती, तू नको सांगूस येते म्हणून. निदान आधी दोन घास तरी जात होते पोटात."

"मग काय सांगू? येऊन गेली सांगू?"

मेली म्हणून सांगायचं कोणाच्याच तोंडून निघालं नसतं. शेवटी जागृतीने उत्तर देणंच सोडलं. आजी विचारायची, आणि ती नुसती शेजारी बसून राहायची, आजीला पाठमोरी, तिच्यासारखीच दाराकडे बघत. असं बसलं तर निदान आपला चेहरा तिला दिसणार नाही, असं तिला वाटायचं.

सगळी भिस्त आता चांगुणावर होती. ती संक्रांतीनंतर पुन्हा आली, तिळाच्या वड्या घेऊन. या वेळी लाजली नाही. सरळ कॉटपाशी गेली, "धोंडू गो, मी चांगुना" म्हणाली. आजीने तिच्या सुरकुतलेल्या तोंडाकडे, पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि भिऊन ती मागे सरकायला बघू लागली. तिची चांगुणा आठ वर्षांची होती. ही म्हातारी कोण होती?

"मी गो. चांगुना. बोरी काडायला जायचो आपन..."

आजी रडायला लागली. "बय," ती म्हणाली, आणि मग पुन्हा पुन्हा तेच, अंधारात अडकलेल्या पोरासारखं.

चांगुणा तिळाच्या वड्यांचा डबा तसाच हातात धरून बाहेर आली. जिना उतरताना ती जागृतीला म्हणाली, "आता मना नको बोलवू बाय. माजंच तोंड बगून ती भ्याली. कसं येऊ?"

होळीच्या आधी दुसरा झटका आला. मग शब्दही गेले. डोळे उघडे असायचे, पण दाराकडे नाही, कुठेच नाही. इस्पितळाने घरी न्यायला सांगितलं. पाण्याच्या टँकरची वाट बघत सगळी इमारत खाली उभी असताना, एका सकाळी, आशालताबाई गेल्या. रचना शेजारी होती. जागृती बादल्या घेऊन खाली गेली होती.

तेराव्यानंतरच्या रविवारी शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांनी आचोळ्याच्या समाजमंदिरात सभा ठेवली. माणसं पुष्कळ आली, याचं घरच्यांना समाधान वाटायला हवं होतं. पन्नाशीचे लोक, कोणी रिक्षावाला, कोणी बँकेत, एक नगरसेविकेचा नवरा. फोटोला हार घातलेला. निवृत्तीच्या दिवशीचा फोटो, कडक इस्त्रीची साडी. फर्डिनंड नावाचा एक वकील बोलायला उभा राहिला. बोलला फार सुंदर. "आमच्या घरी कोणालाही ण म्हणता येत नव्हता," तो म्हणाला. "बाई नसत्या तर कोर्टात उभं राहायची माझी छाती झाली नसती. आज माझी मुलं, खरं सांगतो, घरात एक शब्द गावठी बोलत नाहीत. ही बाईंची पुण्याई." लोकांनी माना डोलावल्या. पुढच्या रांगेत बसलेली चांगुणा हात जोडून ऐकत होती. तिनेही मान डोलावली.

मग जागृतीला बोलावलं. तिने मनात ठरवून आणलं होतं की सगळं सांगायचं, चादरीखालचा हात, बय, सगळं. माईकपुढे उभी राहिल्यावर समोर हे सगळे चेहरे दिसले. आजीने घडवलेले, आणि त्याबद्दल मनापासून ऋणी असलेले. त्यांना काय सांगायचं? की ज्या जिभा तिने सुधारल्या, त्यातली एकही शेवटी तिच्या उपयोगी पडली नाही? ते खोटं नव्हतं, पण हेही खोटं नव्हतं की फर्डिनंड वकील झाला. जागृतीने माठ, पेला आणि मिश्रांच्या पोरांची गोष्ट सांगितली. सगळे हसले. तिचे उच्चार इतके स्वच्छ होते की खाली उतरल्यावर दोघातिघांनी तिला सांगितलं, "अगदी बाईंचा आवाज ऐकल्यासारखं वाटलं."

उन्हाळा संपत आला तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी ती एकटीच राजावलीला गेली. भाड्याची कॉट परत गेली होती, साड्या वाटून झाल्या होत्या, आणि घरात आजीबद्दल बोलणं आपोआप कमी झालं होतं. मिठागरांपैकी बरीच भराव घालून बुजवलेली. उरलेल्यांत काळपट पाणी. चांगुणा ओट्यावर बसली होती. आत नातवंडं मोबाइलवर हिंदी काहीतरी मोठ्याने बघत होती.

"चांगुणाआजी, मला शिकवाल का?" जागृती म्हणाली. "बोलायला. दर रविवारी येत जाईन."

चांगुणाने तिच्याकडे नवलाने पाहिलं. "शिकून बोलनार कुनाशी? माजीच पोरा ऐकत नाय. सून 'मम्मी' बोलवते सगल्यांना." मग तिला वाटलं असावं की आपण फार तोडून बोललो. तिने नातीला हाक मारून चहा टाकायला सांगितला.

चहा झाला. उठता उठता जागृतीने विचारलं, "आजीच्या आईचं नाव काय होतं?"

"बयचं?"

"हो. खरं नाव."

चांगुणा आठवू लागली. कपाळाला आठ्या पडल्या. बोटाने हवेत काहीतरी जुळवत राहिली. "चुलतीच माजी," ती पुटपुटली. "एकाच घरान होतो. तिच्या हातचं जेवले मी." आतला मोबाइल कोणीतरी बंद केला. "नाय गो," ती शेवटी म्हणाली. "आमी बयच बोलायचो. कवा इचारलंच नाय."

जागृतीने तिथूनच बाबांना फोन लावला. मितेशला माहीत नव्हतं. आजीच्या शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव होतं, आईचं लिहायची तेव्हा पद्धत नव्हती. राजावलीत आणखी कोणाला विचारायचं म्हटलं तर त्या पिढीचं आता कोणी नाही, तो म्हणाला, आणि मग विचारलं, "तू जेवलीस का?"

"नाही. निघतेच आहे," जागृती म्हणाली.

रिक्षा मिळायला नाक्यापर्यंत चालावं लागणार होतं. चांगुणा तिला सोडायला वाटेपर्यंत आली, गुडघे धरत, आणि ऊन फार आहे म्हणून पदर डोक्यावर घेऊन तिथूनच मागे वळली.